कोठीतला पिवळा वारा

ऊन सगळ्या गोरेगावावर सारखंच पडतं, असं आमचे शाळेतले गुरुजी सांगत. पण ते आमच्या घरी दुपारचे कधी आले नव्हते. आमच्या वाट्याला सूर्य दोन होते. एक गावाचा आणि दुसरा खास आमच्या पत्र्यांचा. वैशाखात सकाळचे नऊ वाजले की डोक्यावरचा पत्रा ताणू लागे आणि टण्णकन असा वाजे, की नवखा माणूस दार उघडायला उठे. कोण आलं? तर ऊन आलं. त्या पत्र्यावर कावळा बसलाच तर एक पाय वर धरून बसायचा आणि तीन मोजून पाय बदलायचा. मी स्वतः खाली उभी राहून मोजलंय. माय पापड वाळवायला म्हणून वर टाकायची, ते खाली येताना भाजूनच यायचे. धुतलेलं लुगडं दोरीवर टाकावं, तर दुसरं टोक टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असे. माझा मुलगा ऐकणाऱ्यांना बाजूला घेऊन सांगतो, "आईच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या." त्याचा जन्म स्लॅबच्या घरातला, त्याला काय कळणार? निम्मं सोडलं तरी उरलेल्या निम्म्यात माणूस भाजून निघेल, एवढं ऊन होतं आमच्याकडे.

घरात माणसं चार. नाना म्हणजे माझे वडील, माय, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी अक्का आणि मी, म्हणजे बेबी. पाचवी एक पाल होती. ती माठामागच्या ओल्या भिंतीला राहायची आणि गारव्यावर पहिला हक्क तिचा, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं होतं. दुपारची भाकरी माठाजवळ बसूनच व्हायची. ज्वारीची भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि वाटीभर गार आंबील. आंबील पिताना माय म्हणायची, "तोंडात धरा, लगेच गिळू नका. तेवढंच गार राहतं माणूस." आम्ही चौघं गाल फुगवून एकमेकांकडं बघत बसायचो. बोलायचं कोणीच नाही. वर पत्रा वाजतोय, कोपऱ्यात माठ टप टप गळतोय आणि चार माणसं गाल फुगवून बसलीत. पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, या घरात सगळ्यांच्या दाढा एकदमच दुखायला लागल्या.

नाना शेतकरी होते, पण हात मिस्त्र्याचे घेऊन जन्माला आले होते. उन्हाशी त्यांचं जुनं वैर. पेरणी, खुरपणी, कापणी ही कामं ते करायची म्हणून करत. जीव ओतून करत ते एकच काम, घर गार करणं. आधी त्यांनी पत्र्यांवर पराट्यांचा हातभर थर अंथरला. कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या काटक्या गावात पुष्कळ जण पत्र्यावर टाकतात, त्यात नवल नाही. पण नानांना वाटलं, त्यावर कडबाही टाकला तर दुप्पट गार होईल. गार झालंही, चार दिवस. पाचव्या दिवशी शेजारच्यांच्या दोन शेळ्यांना वास लागला. भिंतीवरून चढून त्या भरदुपारी आमच्या डोक्यावर जेवायला आल्या. पत्र्यावर आठ खूर नाचतायत आणि खाली माय काठी घेऊन आढ्याकडं बघत शिव्या देतेय, असा तो उन्हाळा गेला. पुढच्या वर्षी नानांनी पत्र्याला शेणाचा जाड लेप दिला. त्याचं काय झालं ते मी लिहीत नाही, कारण हे पुस्तक लोक जेवताना वाचतील.

तर घर तापतं यात एरवी आमचं काही अडलं नव्हतं. अडलं ते अक्काचं. अक्काला बघायला पाहुणे यायचे ते उन्हाळ्यातच. शेतं रिकामी असतात, माणसं मोकळी असतात, सगळ्या गावात तीच रीत. अक्का दिसायला चांगली, हाताला चव, बोलणं कमी. इतकं कमी, की शेजारणी तिला गोगलगाय म्हणायच्या. नाव ठेवायला जागा नव्हती, पण डोक्यावर पत्रा होता. पहिले पाहुणे आले तेव्हा मुलाचे मामा लोखंडी खुर्चीवर बसले, ते बसल्याबसल्या असे उठले की चहाची बशी माझ्या मांडीवर. दुसरे पाहुणे तर ओसरीतच घाम पुसत म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय हो. पन धोंड्याच्या महिन्यात जावई या घरात ऱ्हानार कसा? भाजला तर आमी कोनाला जाब विचारायचा?" दोन्ही वेळा जाताना एकच शब्द सांगून गेले: "कळवतो." कोणीही कळवलं नाही.

त्यानंतर मायच्या भावानं, आमच्या मामानं, वसमतकडचं एक स्थळ आणलं. माणूस बिजवर, अक्काहून सोळा वर्षांनी मोठा, पहिल्या बायकोची दोन लेकरं. मामा म्हणाला, "त्याचं घर माळवदाचं हाय. गार गार. तुमच्या पोरीचा जीव तरी थंड होईल." माय म्हणाली, "या उन्हाळ्यात एक शेवटचं स्थळ यायचंय कनेरगाव नाक्याचं. ते न्हाई जमलं, तर मग तुझ्या मनासारखं कर भाऊ." अक्का भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी इतकी पातळ थापली, की तव्यावर टाकल्यावर पलीकडचा जाळ दिसत होता. ती त्या दिवशी जेवली नाही. मी तिची भाकरी खाल्ली, हे खोटं का बोलू.

नाना दुसऱ्या दिवशी उठले ते सरळ मायच्या कोठीकडं गेले. ही कोठी म्हणजे धान्य ठेवायचं पत्र्याचं उंच पिंप. मायच्या लग्नात तिच्या बापानं आंदण दिलेलं, वर रंगीत मोरांची जोडी. नानांनी त्यातली ज्वारी पोत्यात ओतली, कोठी अंगणात आणली आणि छिन्नी-हातोडा घेऊन तिच्या तीन बाजूंना खिडक्या पाडायला सुरुवात केली. माय आडावरून आली तेव्हा एक मोर कापून झाला होता.

"अवो, काय करून राहिले तुमी?"

"कूलर करून राहिलो."

"माझ्या बापाच्या कोठीचा?"

"तुझ्या पोरीच्या लग्नाचा."

मायनं डोक्यावरची घागर न उतरवताच उरलेल्या मोराकडं पाहिलं. मग म्हणाली, "दुसरा मोर तरी ठेवा." तो नानांनी ठेवला.

आठ दिवसांत यंत्र तयार झालं. तीन खिडक्यांत तारेच्या जाळीमागं वाळा भरला. वर भोकं पाडलेली नळी, खाली पाण्याचा हौद, मधे टेबलफॅन, आणि सगळं प्रकरण बैठकीच्या खिडकीला दोरखंडानं बांधलेलं. सुरू झालं की पिठाची गिरणी, मळणीयंत्र आणि नवरा-बायकोचं भांडण तिन्ही एकत्र ऐकल्यासारखं वाटे. पण वारा! पहिल्या दिवशी त्या वाऱ्यासमोर बसून मायच्या अंगावर काटा आला आणि तिनं गोधडी मागितली. माठामागची पाल स्वतःहून खिडकीकडं राहायला गेली. गावातली म्हातारी माणसं काही ना काही निमित्त काढून येऊ लागली आणि खोलीत आली की निमित्त विसरून जाऊ लागली. यंत्राच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे त्याला हात लावला की मुंग्या यायच्या. नाना म्हणायचे, गारव्याच्याच आहेत. दुसरी खोड जरा मोठी. हौदात एक खूण केली होती, पाणी तिच्या वर गेलं की पंख्याच्या पात्यांना लागायचं आणि सुरू होताच कूलर समोरच्याला आंघोळ घालायचा. म्हणून घरात कायदा झाला: सुरू करताना कूलरसमोर कोणी बसायचं नाही, आधी बाजूला सरायचं. आणि माय लाइट गेली की आठवणीनं बटण बंद करायची. लाइट परत आल्यावर यंत्र अचानक अंगावर धावून येऊ नये म्हणून. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

हौद भरायचं काम माझ्याकडं होतं. तीस घागरी. आड आमच्या घरापासून एवढा लांब होता, की जाताना पोरगी असलेली मी येताना बाईमाणूस होऊन यायची. शिवाय उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जायचं, की पोहऱ्याचा दोर संपला तरी पाण्याचा पत्ता नसे. कनेरगावचे पाहुणे यायचे त्या सकाळी मी दहा घागरी आणल्या आणि अकराव्या घागरीला घरामागं सावलीत टेकले. तिथं ड्रम होता. त्या वर्षी आमची हळद उशिरा निघाली होती. नानांनी घरामागच्या मोठ्या काहिलीत ती शिजवून काढली होती, अंगणभर वाळत पडली होती, आणि शिजवल्यावर उरलेलं पाणी ड्रममध्ये ठेवलं होतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरून असं गडद पिवळं झालं होतं, की त्यात बोट बुडवलं तर आठ दिवस बोटाचं लग्न असल्यासारखं दिसावं. मी ड्रमकडं पाहिलं. ड्रमनं माझ्याकडं पाहिलं. ड्रम कूलरपासून दहा पावलांवर आणि आड दोन कोसांवर. (मुलगा म्हणतो, दोनशे पावलांवर. तो तिथं नव्हता.) कोठीच्या आत अंधार, वाळ्याचा रंग तांबूस, पाण्याचा रंग कोण बघतंय? वासाचं म्हणाल, तर त्या दिवसांत आमचं घर, अंथरूण, भाकरी, सगळ्यालाच शिजल्या हळदीचा वास होता. मी भराभरा वीस घागरी ओतल्या. घाईत दोन-तीन सांडल्या, मोजणी चुकली आणि चार-पाच जास्तच पडल्या. खुणेकडं बघायचं राहून गेलं. वीस घागरी फुकट मिळाल्यावर खुणेकडं कोण बघतं?

पाहुणे ऐन बारा वाजता आले, आणि ते ओसरीत पाय ठेवतात तोच लाइट गेली. मायनं सवयीनं बटण बंद केलं. नानांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांचा दुसरा मोरही कापून नेला.

पाहुणे तिघं. मुलगा मुरलीधर, त्याचे वडील तात्या, आणि तात्यांची मोठी बहीण, तिला सगळे आत्याबाई म्हणत. तात्या तिघांत सगळ्यात गप्प माणूस. घरात शब्द चाले तो आत्याबाईंचा. अंगानं भरल्या, पांढऱ्या काठाचं नवं कोरं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुरलीधरचा पांढरा शर्ट, पांढरी विजार. नाक्यावर त्याची पिठाची गिरणी होती, पण आज अंगावर पिठाचा कण नव्हता. त्यांना नानांनी मानाची जागा दिली. मानाची जागा म्हणजे कूलरच्या बरोबर समोर.

वरचा पत्रा टण्णकन वाजला. आत्याबाई दचकल्या. "काय झालं हो?"

"काय न्हाई, पत्रा हाय. ताणतो जरा," नाना म्हणाले. "आन् हे बघा, हा कूलर. घरीच केला. लाइट आली की तुमाला महाबळेश्वरात बसल्यावानी वाटंल."

"लाइट कवा येती?"

"आता... येती की. कधीबी येती."

आत्याबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपकत होता, माठाशी चढाओढ असल्यासारखा. अक्का पन्हं घेऊन आली. तिनं पेले दिले आणि रीतीप्रमाणं मागं सरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत्याबाईंनी तिला नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. तिनं खाली बघून उत्तरं दिली. मुरलीधरनं पन्ह्याचा पेला एका दमात संपवला आणि हळूच म्हणाला, "लई भारी झालंय." अक्काच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो मी पाहिला. माझ्याशिवाय कोणी पाहिला नाही.

पण आत्याबाईंचा धीर सुटला होता. "पोरगी चांगली हाय," त्या गुडघ्यावर हात टेकत म्हणाल्या. "पन आमाला आजच शेनगावला बी एक पोरगी बघायचीय. जीपवाला बाजारात थांबलाय. तवा तुमाला कळवतो आमी. चल रे मुरल्या."

कळवतो! मायनं डोळे मिटले. नानांनी खिडकीतल्या कोठीकडं असं बघितलं, जसं ऐनवेळी अडून बसलेल्या बैलाकडं बघतात. मला एकाएकी वसमतचा तो बिजवर डोळ्यांपुढं दिसला. पाहिला नव्हता तरी दिसला, टक्कल आणि दोन लेकरांसकट. आत्याबाई अर्ध्या उठल्या. तेवढ्यात आढ्याचा बल्ब लागला. सगळ्यांनी वर पाहिलं. दोन-चार श्वास गेले असतील, आणि कूलर सुरू झाला.

सुरू झाला म्हणजे काय, फुटला! घर्रर्र करून त्यानं पहिल्याच झटक्यात हौदातलं अर्धं पाणी पुढं फेकलं. पिवळं. झेंडूच्या फुलासारखं पिवळं. होळीत पिचकारी मारतात, तिच्या दहापट. आत्याबाई जिथं होत्या तिथंच अर्ध्या उठलेल्या राहिल्या. लुगड्याचा पांढरा काठ पिवळा, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर. तात्यांच्या मिशा पिवळ्या. मुरलीधर तर डोक्यापासून नखापर्यंत. भिंतीवरचं कॅलेंडर, चादर, पन्ह्याचे पेले, सगळं एका रंगात. कोणीतरी बटण बंद केलं. खोलीत फक्त पागोळ्यांसारखा टप टप आवाज राहिला.

आणि त्या शांततेत मुरलीधर हसला. पोट धरून हसला. "आत्या," तो म्हणाला, "रोज गिरनीत पांढरा होतो, आज पिवळा झालो. तेवढाच बदल!"

अक्का धावत टॉवेल घेऊन आली. त्यानं चेहरा पुसून टॉवेल परत दिला, तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. आत्याबाईंच्या तोंडून शब्द फुटला तो मात्र वेगळाच. "पाहुन्यांना बोलावून रंगवता व्हय? पोरी खपवायची ही कंची तऱ्हा? उठा रे! या घराचं पानी बी नको आमाला!" पाणी तर त्यांना पुरेसं मिळालं होतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिघं तरातरा बाहेर पडले. नाना हात जोडून मागं, त्यांच्या मागं मी. त्या दिवशी गोरेगावचा आठवडी बाजार. भरबाजारातून तीन पिवळी माणसं चाललीत म्हटल्यावर विकणारे उठून उभे राहिले. कासारीण लांबूनच ओरडली, "आवं नाना, हळद लागली न् सांगितलं न्हाई? चुडा भरायला कवा येऊ?" टरबूजवाल्यानं मुरलीधरच्या हातात फोड दिली, "घ्या नवरदेव, गार हाय." आत्याबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "हळद न्हाई ती, कूलरचं पानी हाय!" पण बाजारकऱ्यांना कूलर हा शब्दच नवा, त्यांना वाटलं, कनेरगावकडची एखादी रीत असेल.

जीपवाले गफूरचाचा बोनेटवर बसून कांदाभाकर खात होते. त्यांनी मुरलीधरला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घास खाली ठेवला.

"नक्को आत्याबाई," ते म्हणाले. "मैं नहीं ले जाता."

"काहून?"

"हळद लगा हुआ नवरदेव. हात में कट्यार नहीं, सर पे बाशिंग नहीं, और शीव ओलांडनेका? तीस साल से वऱ्हाडाच्या जीपा चलारूं मैं. ऐसा कब्बी नहीं किया. रस्त्यात काही झालं तो लोक मेरेकु पूछते."

"अरे बाबा, ही हळद न्हाई, पानी हाय पानी!"

चाचांनी पुढं होऊन मुरलीधरच्या खांद्याचा वास घेतला. "हळदच हाय," त्यांनी निकाल दिला आणि घास परत उचलला.

शकुन-अपशकुन आत्याबाई स्वतःच सगळ्यांत जास्त पाळणाऱ्या. दुसऱ्या दोन जीपा होत्या, पण चाचांनी नाही म्हटलेली सवारी बाजारात दुसरा कोण घेणार? वर ऊन असं, की तात्यांच्या मिशांवरची हळद वाळून कडक झाली. आणि तेव्हा दिवसभर एक शब्द न बोललेले तात्या बोलले. "आक्का," ते बहिणीला म्हणाले, "चाचा नेईल न्हाईतर न्हाई नेईल. पन आसं पिवळं पोरगं घेऊन शेनगावच्या दारात उभं राहिलो, तर ते इचारतील, एकीकडं हळद लावून दुसरीकडं पोरगी बघायला काहून आले?"

उकडलेल्या हळदीचा रंग कातडीवरून आठ दिवस जात नाही, हे हळदीच्या मुलखातल्या बाईला कोणी शिकवायला नको. आत्याबाईंनी बाजाराकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं, मग नानांकडं पाहिलं. "त्या यंत्रात," त्या म्हणाल्या, "साधं पानी घालता येतं का?"

घरी परतलो आणि आधी चौकशी बसली. "बटन मी बंद केलं व्हतं!" माय शपथ घेऊन सांगत होती. "मग चालू कसा झाला?" नाना म्हणाले, आणि सगळे माझ्याकडं वळले. पाण्याचं पाप माझं होतं, ते ड्रमनंच ओरडून सांगितलं. बटणाचा आळ मात्र फुकटचा आला. मी रडून सांगितलं, मी बटणाला हात लावला नाही. पण जिनं हौदात हळद ओतली, तिचं बटणाबद्दल कोण ऐकतं? पाठीत दोन धपाटे बसले आणि शिक्षा झाली: हौद रिकामा करून, धुऊन, आडाच्या पाण्याचा भरायचा. त्या दिवशी मी आडातून एवढं पाणी उपसलं, की तळाशी बसलेला बेडूक वर येऊन म्हणाला, बाई, माझ्यापुरतं ठेव.

कूलर सुरू झाला. या खेपेला सगळे आधी बाजूला सरले. मग आत्याबाई समोर बसल्या. गार वाऱ्याची पहिली झुळूक लागली तशा त्यांच्या भुवया खाली आल्या. दुसऱ्या झुळकीला खांदे उतरले. तिसरीला त्या लोडाला टेकल्या आणि घोरायला लागल्या, कूलरच्या वरताण. दोन तास घोरल्या. चार वाजता उठल्या तेव्हा मायनं शेवया आणि आंब्याचा रस पुढं केला. रस खाताना त्यांची नजर अक्काच्या हातांवर गेली. टॉवेलाची हळद लागून दोन्ही तळवे पिवळे झाले होते.

"मुरल्याचं तोंड पुसलेलाच ना हा टॉवेल?"

"व्हय," अक्का म्हणाली.

आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली. "म्हंजे आधी नवरदेवाला लागली आन् त्याची उष्टी हळद नवरीला लागली. बराबर रीतीनं झालं की सगळं! आमी कोन आता मोडनार?" मग नानांकडं वळून म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. आमाला काय द्यायची तकलीफ घेऊ नका. फकस्त आंदनात हे यंत्र द्या."

माय हसावं की रडावं अशा तोंडानं कोठीवरच्या उरलेल्या मोराकडं बघत राहिली. तो मोर दुसऱ्यांदा आंदण निघाला. वरातीत गफूरचाचांच्या जीपमागं ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवर मधोमध हार घातलेला कूलर. नाना वेशीपर्यंत त्याला धरून चालत गेले. लोक म्हणाले, लेक निघाली म्हणून बापाला रडू येतंय. ते खरंही होतं. पण तो उन्हाळा अजून महिनाभर बाकी होता आणि आम्ही तिघं परत गाल फुगवून आंबील पीत बसलो, हेही खरं. चौथी जागा रिकामी होती, त्यामुळं आंबील तेवढीच गार असूनही तशी लागायची नाही. पाल परत माठामागं आली.

आता या गोष्टीला किती वर्षं झाली ते मोजत नाही. मोजायला लागले की गुडघे दुखतात. धपाटे विसरल्यावर मी हळूहळू ही गोष्ट थोडी सुधारून घेतली. आधी सांगायची, चुकून झालं. मग सांगायला लागले, मुद्दाम केलं. पुढं तर प्रत्येक लग्नात, बारशात, मी छातीवर हात ठेवून सांगायची: अक्का वसमतच्या बिजवरापासून वाचली ती माझ्यामुळं, हळद मी घातली, लाइट आलेली मी पाहिली, आणि धावत जाऊन बटण मी दाबलं. लोक टाळ्या वाजवायचे. अक्का बाजूला बसून सुपारी कातरत असायची. तिनं कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी आठ दिवस तिच्याकडं कनेरगाव नाक्याला होते. आता तिथं एसी आहे. कोठी अंगणात पडलेली असते, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. मोर अजून ओळखू येतो. दुपारी लाइट गेली आणि एसी बंद पडला, तशी अक्काची नात म्हणाली, "आजी, तुमच्या कूलरची गोष्ट सांगा ना." मी अशी संधी सोडत नाही. दाजी, म्हणजे मुरलीधर, खुर्चीवर पेंगत होते. मी सांगत सांगत बल्ब लागला तिथवर आले आणि म्हणाले, "मग मी धावत गेले न् बटण..."

"बटन तू न्हाई दाबलं, बेबे," अक्का कैऱ्या चिरत म्हणाली. वर न बघता. "तू दाराबाहेर उभी व्हती. बटनाचा बोर्ड माझ्या पाठीमागं व्हता."

मी तिच्याकडं सरकले. "पण पाणी पिवळं आहे, हे तुला..."

"तुझे पिवळे पाय उमटले व्हते वट्यावर, मागच्या दारापासून खिडकीपर्यंत. मीच पुसले ना ते, पाहुने यायच्या आधी."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस? धपाटे खाल्ले मी!"

"दोन तर खाल्ले," अक्का म्हणाली. कैरीची फोड तिनं ताटात टाकली. "दोन येळा 'कळवतो' ऐकलं व्हतं मी. तिसऱ्यांदा त्या उठल्या. म्हनलं, जातेतच तर कोरडं कशाला जाऊ द्यायचं?"

एवढ्यात लाइट आली. बल्ब लागला. नात एसीचं बटण दाबायला पळाली. आणि दाजींनी डोळे न उघडता आपली खुर्ची एसीच्या समोरून बाजूला सरकवली.